आधी पडदा की आधी मंडप?

आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या माहितीपटात फुटपाथवर राहणारी एक बाई कॅमेऱ्यावरच तुटून पडते. राग पालिकेवर असतोच, पण समोर चित्रण करत उभ्या असलेल्या माणसालाही ती सोडत नाही. गरिबांचे फोटो काढून तुमचं नाव होईल, आमचं काय होणार, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. दिग्दर्शकाने तो प्रसंग कापला नाही. चित्रपटात तो तसाच ठेवला, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मानवी हक्कांवर भाषणं करणाऱ्या आणि चित्रपट काढणाऱ्या प्रत्येकाला त्या बाईचा प्रश्न चुकवता येत नाही. चाळीस वर्षांनंतरही त्याचं पुरतं उत्तर दिलं गेलंय असं मला वाटत नाही.

या प्रश्नावर भांडणारी दोन माणसं मी इथे समोरासमोर बसवली आहेत. ती कुणी विशिष्ट व्यक्ती नाहीत. वस्तीतल्या बैठकांमध्ये आणि माहितीपटांच्या खेळांनंतर रंगणाऱ्या चर्चांमध्ये जे ऐकत आलो, ते त्यांच्या तोंडी घातलं आहे. मावशी मुंबईच्या उपनगरात घरहक्काच्या संघटनेचं काम करते. भाचा माहितीपट करतो आणि ते घेऊन कॉलेजांत, व्याख्यानमालांत बोलत फिरतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, म्हणून कुणी शब्द राखून बोलत नाही.

भाचा : मावशी, शनिवारी तू आली नाहीस. ‘जय भीम कॉम्रेड’ दाखवला. तीन तासांहून मोठा चित्रपट, पण मध्ये कुणी उठलं नाही. नंतर चर्चाही तासभर चालली.

मावशी : शनिवारी आमच्याकडे परिशिष्ट दोनची, म्हणजे पुनर्वसनाला कोण पात्र त्याची, यादी लागली. एका गल्लीतली निम्मी घरं अपात्र. कुणाचं मतदार यादीत नाव नाही, कुणाच्या लाइट बिलावर जुन्या मालकाचं नाव, एकीचा फोटोपास पुराच्या पाण्यात गेला. त्या सगळ्यांची अपिलं लिहायला बसलो होतो. मी चित्रपटाला कधी येऊ?

भाचा : म्हणजे माझं काम रिकामटेकडं.

मावशी : असं कुठे म्हटलं मी? एवढंच विचारते, चर्चा तासभर चालली, त्यात ठरलं काय?

भाचा : काय ठरायला हवं होतं? लोक हलले. एक मुलगी म्हणाली, मी घाटकोपरची, पण रमाबाई नगरात काय झालं ते मला आज कळलं. बोलता बोलता तिला रडू आलं.

मावशी : पुढे कुठे जायचं ते तिला कुणी सांगितलं?

भाचा : आधी कळायला तर हवं! ११ जुलै १९९७. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं गेली. पोलिसांनी सांगितलं, जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता. लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. पुढे गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप दिली, मग त्याला जामीनही मिळाला. हे सगळं कागदोपत्री आहे. पण आयोगाचा अहवाल कोण उघडून बघतं? चित्रपटात टँकरची गोष्ट तपासून दाखवलीय, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं ते स्वतः बोलतात. ज्याने हे एकदा पाहिलं, तो टँकरची गोष्ट पुन्हा कुणाला ऐकवणार नाही.

मावशी : हे मला मान्य आहे. खोटं खोडून काढायला पुरावा लागतो, आणि तो लोकांना समजेल असा मांडावा लागतो. पण विलासचं सांग. शाहीर विलास घोगरे. ‘हमारा शहर’मध्ये तो गायला. गोळीबारानंतर चार दिवसांनी त्याने मुलुंडच्या झोपडीत गळफास घेतला. त्याची गाणी अजून सगळ्यांना पाठ आहेत. तो जिवंत असताना त्याच्या चुलीवर काय शिजतंय हे किती जणांनी विचारलं?

भाचा : हा प्रश्न चित्रपटच विचारतो. ज्या सांस्कृतिक संघटनेसाठी तो गायला, तिनेच त्याला काढून टाकलं होतं, हेही त्यात लपवलेलं नाही. माणसाला विसरण्याचं पाप फक्त कॅमेरेवाल्यांच्या नावावर लावू नको. संघटनाही विसरतात.

इथे मावशी गप्प बसते. बसायलाच हवं. चळवळींनी आपल्या शाहिरांना कसं वागवलं, हा महाराष्ट्राच्या पुरोगामी राजकारणातला फार दुखरा विषय आहे. त्यावर जेवढं खुलं बोलणं व्हायला हवं होतं, तेवढं झालेलं नाही. ‘जय भीम कॉम्रेड’ने चौदा वर्षं एका माणसाच्या जाण्याचा माग काढत ते केलं. हे काम कोर्टाचं नव्हतं आणि कुठल्या मोर्चाच्या मागण्यांमध्येही ते बसलं नसतं.

मावशी : ठीक आहे, तुझा मुद्दा मान्य. आता माझा ऐक. आमच्या वस्तीतल्या जुन्या बाईला एकच फोटो महत्त्वाचा वाटतो, फोटोपासवरचा. १९७६ साली सरकारने झोपड्यांची गणना केली आणि मग ते पास दिले. त्यावर माणसांचे फोटो, झोपडीचा नंबर. तो कागद ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या तळाशी ठेवते. आग लागली तर आधी पोर बाहेर, मग ती पेटी. का? त्या फोटोमुळे तोडकाम थांबतं. तू काढलेल्या फोटोमुळे काय थांबतं?

भाचा : तो पास तरी कशामुळे चालतो? ओल्गा टेलिस खटला आठव. जुलै १९८१, अंतुले मुख्यमंत्री. भर पावसात फुटपाथवरची माणसं हटवायची आणि त्यांना त्यांच्या मूळ गावी पाठवून द्यायचं, असा हुकूम निघाला. कोर्टात कोण गेलं? एक पत्रकार गेली. तिच्याच नावाने तो खटला आज देशभर कायद्याच्या वर्गात शिकवतात. पाहिलेलं लिहून जगासमोर मांडणं हेच तिचं काम होतं, आणि तिला ते पाहून स्वस्थ बसवलं नाही.

मावशी : एकटी पत्रकार नव्हती. फुटपाथवर राहणारी माणसंही अर्जदार होती, नागरी हक्कांच्या संघटना होत्या. त्यांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, हेच तर माझं दुखणं आहे. आणि निकालात काय आलं? जुलै १९८५, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, पाच न्यायाधीशांचं खंडपीठ. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो, असं कोर्टाने म्हटलं. फार मोठं वाक्य. पण त्याच निकालात फुटपाथ मोकळा करण्याचा पालिकेचा अधिकार कायम राहिला. पावसाळा सरेपर्यंत, ऑक्टोबर अखेरपर्यंत, थांबा म्हणाले. आणि १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्र मिळालं, त्यांना दुसरी जागा द्या म्हणाले. बघ, शेवटी आधार कशाचा निघाला? मोजणीचा आणि ओळखपत्राचा.

भाचा : आणि ज्यांची मोजणीच झाली नव्हती?

मावशी : त्यांना कोण मोजणार? फुटपाथवरची माणसं १९७६ च्या गणनेत बहुतेक नव्हतीच, आणि सरकार म्हणत होतं की ही येती-जाती माणसं आहेत. मग १९८५ मध्ये ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या बाजूला फुटपाथवरच्या हजारो कुटुंबांची मोजणी केली. कोण कुठून आलं, किती वर्षं इथे आहे, काय काम करतं, सगळं लिहून काढलं. त्यातून कळलं की ही माणसं येती-जाती नाहीत, वर्षानुवर्षं इथेच राबतायत. त्या कुटुंबांतल्या बायकांनी पुढे ‘महिला मिलन’ ही संघटना बांधली. पाटी-पेन्सिलीचं काम होतं ते. त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

भाचा : मोजणीची किंमत मी कमी करत नाही. पण १९८६ चं संजय गांधी नगर आठव. नरिमन पॉइंट आणि कफ परेडच्या श्रीमंत इमारतींच्या शेजारची वस्ती तोडली. वस्तीतल्या माणसांबरोबर पटवर्धन उपोषणाला बसले, शबाना आझमी बसल्या. पाच दिवसांत सरकारला गोरेगावकडे पर्यायी जागा द्यावी लागली.

मावशी : मला काय सांगतोस? निवारा हक्क सुरक्षा समितीचं ते आंदोलन होतं. मंडपात पाणी भरायला, रात्री जागायला वस्तीतल्या बायका होत्या. जागा उपोषणाने मिळाली. चित्रपटाने नाही.

भाचा : पण शबाना आझमी त्या मंडपात आल्या कशा? त्यांनी स्वतः सांगितलंय, वस्त्यांच्या प्रश्नाकडे त्यांना ‘हमारा शहर’ने वळवलं. चित्रपट पाहिला म्हणून त्या आल्या. त्या आल्या म्हणून वर्तमानपत्रं आली. वर्तमानपत्रं आली म्हणून मंत्रालयाचा दरवाजा उघडला. यातली कुठलीही एक कडी काढून बघ.

मावशी : बरोबर. आणि मंडप नसता तर?

भाचा : नसता तर?

मावशी : चित्रपट पाहून त्या हळहळल्या असत्या आणि घरी गेल्या असत्या. तुझ्या शनिवारच्या मुलीसारख्या. त्या आल्या, कारण त्या आठवड्यात येऊन बसायला जागा होती. वस्ती तुटल्यावर माणसं पांगली नव्हती, एकत्र बसून होती. तुझे लोक पडदा लावतात, दिवे मालवतात, माणसाला हलवतात आणि मग दिवे लावून चहा देतात. त्या हललेल्या माणसाला आमच्याकडे पाठवा ना! आम्हाला अपिलं लिहायला हात हवेत, कागदांच्या झेरॉक्स काढायला माणसं हवीत, तोडकामाच्या दिवशी पहाटे उभं राहायला माणसं हवीत.

या ठिकाणी मला मध्ये बोलावंसं वाटतं. भाचा एक गोष्ट सांगायची विसरला, ती म्हणजे चित्रपट लोकांपर्यंत पोचवायलाच किती लढावं लागतं. पटवर्धनांच्या ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ या १९९५ च्या चित्रपटासाठी दूरदर्शनविरुद्धची लढाई थेट सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि तो दाखवा असा निकाल मिळायला २००६ उजाडलं. अण्वस्त्रांवरच्या ‘जंग और अमन’मध्ये सेन्सॉरने अनेक काटछाटी सुचवल्या होत्या, मुंबई उच्च न्यायालयाने तो अखंड दाखवायला मुभा दिली. २००४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा देशभरच्या चित्रकर्मींनी ‘विकल्प’ नावाने वेगळा महोत्सव उभा केला. हे लोक फक्त कॅमेरा घेऊन फिरतात असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांनीही कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, आणि पाहण्याचा-ऐकण्याचा तुमचा-माझा हक्क त्यातून रुंदावला आहे.

तरीही मावशीचा पुढचा मुद्दा मला अधिक टोचतो.

मावशी : भाषणांचं तर विचारूच नको. दर १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनाला, आम्हाला निमंत्रणं येतात. एकदा एका कार्यक्रमात आमच्यातल्या एकीला स्टेजवर बोलावलं. तिचा नवरा गटारात उतरला आणि वर आलाच नाही. माइक हातात दिला आणि म्हणाले, तुमची कहाणी सांगा. ती बोलली, रडली, हॉलही रडला. शाल दिली, नारळ दिला. मग प्रमुख वक्ते तिच्यावर तासभर बोलले, तिच्यासमोरच, जणू ती तिथे नाहीच. कार्यक्रम संपला तेव्हा रात्र झाली होती. घरी कशी जाणार, हे तिला कुणी विचारलं नाही. बसस्टॉपवर मला म्हणाली, ताई, त्या पैशांचं काय झालं ते कुणी सांगितलंच नाही.

भाचा : कुठले पैसे?

मावशी : नुकसानभरपाईचे! सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ ला सांगितलंय, १९९३ पासून गटारात जेवढी माणसं मेली त्यांच्या कुटुंबांना दहा-दहा लाख द्या. २०२३ मध्ये ते तीस लाख केले. तासभर भाषण झालं, त्यात माणुसकी होती, संविधान होतं, बाबासाहेब होते. पण अर्ज कुणाकडे करायचा, मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहून घ्यायचं, एफआयआरमध्ये ठेकेदाराचं नाव का हवं, यातलं काहीच नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं.

भाचा : हे वाईट झालं. अगदी वाईट. पण याच प्रश्नावर दुसऱ्या तऱ्हेनेही बोललं गेलंय ना. बेझवाडा विल्सन आणि सफाई कर्मचारी आंदोलनाची भीम यात्रा. २०१५ च्या १० डिसेंबरलाच निघाली होती, तू म्हणतेस त्याच दिवशी. सव्वाशे दिवस बस घेऊन देशभर फिरले, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी दिल्लीत पोचले. आम्हाला मारणं थांबवा, एवढीच घोषणा. आणि बोलणारे कोण? ज्यांची माणसं गटारात गेली त्या बायका, मैला वाहण्याचं काम सोडलेल्या बायका. त्यांच्यावर दुसरं कुणी बोलत नव्हतं. त्या स्वतः बोलत होत्या.

मावशी : आणि ती यात्रा निघण्याच्या बारा वर्षं आधी, २००३ मध्ये, हेच लोक कोर्टात गेले होते. मैला वाहण्याच्या कामावर बंदी घालणारा १९९३ चा कायदा कागदावर होता. राज्यं शपथपत्रं देत होती की आमच्याकडे हे काम उरलेलंच नाही. मग यांनी गावोगाव जाऊन पुरावे गोळा केले. कोण कुठे हे काम करतं, कोण कधी मेलं. २०१४ चा निकाल त्या चिकाटीचा आहे.

भाचा : पुरावे म्हणजे काय, मावशी? फोटो, चित्रफिती, माणसांच्या तोंडचे जबाब. सरकार नाही म्हणतं तेव्हा कॅमेराच म्हणतो, हे बघा. तमिळनाडूत दिव्या भारतीने २०१७ मध्ये ‘कक्कूस’ केला, याच विषयावर, आणि सगळ्यांना बघता यावा म्हणून यूट्यूबवर टाकला. त्यापायी तिच्यावर पोलिसांनी गुन्हे घातले, तिला धमक्या आल्या. निरुपद्रवी गोष्टीला कुणी इतकं घाबरतं का?

मावशी काही बोलत नाही. भाचा आवाज खाली आणून पुढे बोलतो.

भाचा : आणि भाषणं निरुपयोगी असती तर दाभोलकरांना गोळ्या का घातल्या असत्या? २० ऑगस्ट २०१३, पुण्यात, सकाळी फिरायला निघालेल्या माणसावर. त्यांच्याकडे सत्ता नव्हती, पैसा नव्हता. गावोगाव जाऊन शांतपणे बोलणं, एवढंच त्यांचं हत्यार. कॉम्रेड पानसरेंवर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या. त्यांचं ‘शिवाजी कोण होता?’ हे पुस्तक मुळात एक भाषण होतं, माहीत आहे ना तुला? एका भाषणाची पुस्तिका होते, ती घराघरांत जाते, आणि कुणाला तरी वाटतं की हा माणूस गप्प व्हायला हवा. हॉलमधल्या टाळ्यांना तू हसतेस ते मला चालेल. पण बोलण्याला हसू नको.

मावशी : नाही रे बाळा, बोलण्याला कशी हसेन? मी स्वतः त्यांची भाषणं ऐकून या कामात आले. पण आठव, दाभोलकर बोलायला आले की मागे काय राहायचं? अंधश्रद्धा निर्मूलन समितीची शाखा. पानसरे वकील होते, कामगारांच्या युनियनी चालवत होते. बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’साठी गावोगाव भाषणं केली, ती करता करता पाणवठ्यांची पाहणीही केली, कोणत्या गावात कुणाला विहिरीवर येऊ देत नाहीत ते नोंदवलं, आणि पुण्यात हमाल पंचायत उभी केली. या माणसांचं बोलणं आणि बांधणं वेगळं काढताच येत नाही. आताचा वक्ता येतो, बोलतो, स्टेशनवर जातो. त्याच्या मागे काय राहतं ते सांग.

भाचा : तू सगळ्या वक्त्यांकडून दाभोलकर व्हायची अपेक्षा करतेस. प्रत्येकाला शाखा काढता येणार नाही. कुणी लिहील, कुणी बोलेल, कुणी चित्र काढेल.

मावशी : काढू दे की. मग शाखा ज्याची आहे त्याला सोबत घेऊन या. त्याला पाच मिनिटं द्या. दाराशी एक टेबल मांडा आणि नाव-नंबर लिहून घ्या. एवढं तर जमेल? आणि अजून एक. ज्यांचं चित्रण करता, त्यांना आधी दाखवता का?

भाचा : मी दाखवतो. पण सगळे दाखवत नाहीत. ‘खबर लहरिया’चं आठवतं? उत्तर प्रदेशातल्या दलित, आदिवासी, मुस्लिम बायकांनी चालवलेलं वृत्तमाध्यम. त्यांच्यावर ‘रायटिंग विथ फायर’ केला, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. आणि ऑस्करच्या सोहळ्याच्या तोंडावर ‘खबर लहरिया’नेच निवेदन काढलं की आमचं काम यात अर्धवट दिसतं, आम्ही जणू एकाच पक्षाच्या मागे लागलो आहोत असं चित्र झालंय. चित्रपट सुंदर आहे, मला आवडला. पण ज्या बायका रोज बातमी तपासून देतात, त्यांना स्वतःवरच्या चित्रपटाबद्दल असं जाहीर सांगावं लागलं, याचं वाईट वाटलं. आणि दाखवण्यात धोकाही असतो, हे मी जाणतो. ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये गाणारी कबीर कला मंचची पोरं, चित्रपट पुरा होईपर्यंत त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले होते, काही भूमिगत झाली होती. २०१३ मध्ये त्यांच्यातले शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर हजर झाले, तेव्हा शीतल गरोदर होती. चेहरा दाखवताना आता माझा हात थबकतो. ज्याचा चेहरा आहे त्याला विचारल्याशिवाय, आणि परिणाम काय होऊ शकतो ते समजावल्याशिवाय, मी तो ठेवत नाही.

मावशी : मग आपलं भांडण उरतं कुठे?

भाचा : उरतं. तू म्हणतेस आधी मंडप, मग पडदा. मी म्हणतो, कधी कधी पडद्यामुळेच मंडप पडतो. जिथे संघटना नाही, जिथे लोकांना आपल्यावर अन्याय होतोय हेच सांगायची चोरी आहे, तिथे पहिली बैठक चित्रपटाच्या निमित्ताने होते. पोलिसांना सांगता येतं, सिनेमा दाखवतोय.

मावशी : ते मात्र खरं आहे. आमच्याकडेही तसंच झालं होतं. दोन बांबूंना चादर बांधली होती. मीटरवाल्या एकाच घरातून वायर ओढली. पोरं पुढे, बाया मागे, पुरुष लांब कट्ट्यावर, जणू त्यांना बघायचंच नाही. तोडकामाचा प्रसंग आला तशी एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, हे तर आपल्यासारखंच! वारा आला की चादर हलायची, पडद्यावरची घरंही हलायची. मध्येच लाइट गेली. अंधारात कुणी घरी गेलं नाही. लाइट येईपर्यंत पाऊण तास बायका आपसात बोलत होत्या, कुणाकडे कोणता कागद आहे, कुणाचा हरवलाय. समितीची पहिली यादी त्या पाऊण तासात झाली. चित्रपटाचा शेवट कुणी पाहिलाच नाही.

भाचा : हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

मावशी : तू मला विचारलं होतंस का? तू तुझ्या हॉलबद्दलच सांगत असतोस.

इथे त्यांचं बोलणं मी थांबवतो. माझं स्वतःचं मत सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. माझा कल मावशीकडे आहे. अधिकार प्रत्यक्षात मिळतो तो अर्ज, यादी, अपील, वकील, उपोषण यांच्या वाटेने, आणि ही वाट चालणाऱ्यांना आपण फार कमी व्यासपीठं देतो, कारण त्यांचं बोलणं ऐकताना डोळ्यांत पाणी येत नाही. पण दोन बाबतींत मला भाच्याचं पटतं. सरकार आणि पोलिस जेव्हा घडलेलं नाकारतात, तेव्हा चित्रित केलेली साक्ष मोलाची ठरते; रमाबाई नगरच्या दहा माणसांबाबत ती ठरली. आणि जे लोक हरले, ज्यांचा खटला रखडला, जे शाहीर आपल्याच माणसांनी टाकून दिले, त्यांची नोंद दुसरं कुणी ठेवत नाही. ‘जय भीम कॉम्रेड’चा पहिला जाहीर खेळ भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाला. ज्यांची गाणी आणि ज्यांचं दुःख त्यात आहे, ती माणसं समोर बसली होती. चित्रपट आधी कुणासमोर न्यायचा, याचं माझ्या दृष्टीने हेच बरोबर उत्तर आहे. महोत्सव नंतर.

‘हमारा शहर’मधल्या त्या बाईचा प्रश्न फक्त दिग्दर्शकाला नव्हता. तिच्याकडे पडद्यावर बघणाऱ्या आपल्यालाही तो होता. म्हणून वाचकांना एक विनंती. मानवी हक्कांवरचा पुढचा चित्रपट पाहून किंवा भाषण ऐकून उठाल, तेव्हा आयोजकांना दोन प्रश्न जरूर विचारा. ज्यांच्यावर हा कार्यक्रम होता, त्यांना हे दाखवलंत का? आणि त्यांच्या संघटनेची पुढची बैठक कुठे, किती वाजता आहे? उत्तर मिळालं तर त्या बैठकीला जा.